धावणाऱ्याचा जोडा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा थोर विषयांवर बोलण्याची रीत आहे. त्या पंगतीत आम्ही आज पायातल्या जोड्याला आणून बसवीत आहोत, याचे कोणास हसू आले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. पायीची वहाण पायीच बरी, असे आपल्याकडे म्हणतातच. परंतु ज्या वस्तूसाठी एखाद्या घरची महिन्याची शिल्लक खर्ची पडते, आणि जी चुकीची निघाली तर एखाद्या मुलाचे वर्ष वाया जाते, ती वस्तू सभेत विचार करण्याइतकी मोठी आहेच, असे आमचे मत आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत पहाटे पाचच्या सुमारास जरा रस्त्यावर पाहावे. येथला आर्णी रस्ता असो, दारव्हा रस्ता असो, की पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवड्याच्या वेशीबाहेरची सडक असो, तेथे धावणारी मुले आणि मुली दिसतात. त्यांतील बहुतेकांना पदक नको आहे, नोकरी हवी आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. अलीकडच्या भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी ३५ गुण निव्वळ धावण्याचे होते. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भरवशावर घराचा गाडा कसा अडतो, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांच्यासाठी हे ३५ गुण म्हणजे खेळ नव्हे. त्यांच्याच मागेपुढे डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितलेले गृहस्थ चालत-धावत असतात, मोठ्या शहरांतील एकवीस किंवा बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतींची तयारी करणारे हौशी असतात, आणि शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी धावणारी बालकेही असतात. या सर्वांचा प्रश्न एकच असतो: जोडा कोणता घ्यावा? आणि सर्वांना उत्तरही बहुधा एकच मिळते: महागातला घ्या. हे उत्तर बरोबर नाही, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. जोडा हवाच कशाला, आपले वाडवडील अनवाणीच धावत होते ना, असे कोणी विचारील. हा आक्षेप पोकळ नाही. भारताचा ऑलिंपिकशी संबंध जुळला तोच मुळी अनवाणी पायांमुळे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथे शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना पाहिली. ना त्यांना शिक्षण, ना खुराक. पण त्यांची धाव परदेशी धावपटूंशी तुलना करण्याजोगी होती. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिकला संघ पाठवण्याची खटपट झाली. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनची शर्यत त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. पुढे १९६० साली रोममध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने अनवाणी पायांनी मॅरेथॉन जिंकून जगाला तोंडात बोट घालावयास लावले. आपल्या नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरची कविता राऊत प्रथम अनवाणीच धावत असे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. आणि २०१४ साली बारामतीस नऊवारी लुगडे नेसून, पायांत काही न घालता धावणाऱ्या लता भगवान करे यांना कोण विसरेल? पतीच्या उपचारासाठी पैसा हवा म्हणून त्या ज्येष्ठांच्या गटात धावल्या आणि जिंकल्या.

तथापि या उदाहरणांचा अर्थ नीट लावला पाहिजे. बिकिलाने १९६४ साली टोकियोमध्ये पुन्हा मॅरेथॉन जिंकली, तेव्हा त्याच्या पायांत बूट होते आणि वेळ पहिल्यापेक्षा तीन मिनिटांनी कमी होती. कविता राऊत पदकापर्यंत पोहोचली ती बूट घालून. लताबाई अनवाणी धावल्या त्यात त्यांचे धैर्य आहे. पण त्यांच्या परिस्थितीला आपण तत्त्वज्ञान बनवू नये. अनवाणी पाय काय करतो, याचा अभ्यास २०१० साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. सवयीने अनवाणी धावणारा मनुष्य टाच आपटीत नाही. तो चवड्यावर किंवा पाऊल सपाट ठेवून उतरतो, त्यामुळे टाच आपटण्याचा एकदम बसणारा दणका टळतो. मात्र हे लहानपणापासून अनवाणी वाढलेल्या पायाचे वर्णन आहे. वीस वर्षे चपला-बुटांत वावरलेल्या मुलाने ते वाचून उद्या डांबरी रस्त्यावर अनवाणी पाच किलोमीटर काढले, तर त्याची पोटरी आणि तळपाय त्याला आठवडाभर शास्त्र शिकवतील. शिवाय आपल्या भागातील बाभळीचा काटा आणि सराटा हे कोणत्याही शास्त्रज्ञाला जुमानीत नाहीत.

तेव्हा जोडा हवा, हे मान्य करू. आता तो काय काम करतो ते पाहू. भरतीचा मुलगा १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढतो तेव्हा तो सुमारे एक हजार पावले टाकतो. दर पावलाला त्याच्या वजनाच्या दोन ते अडीच पट भार एका पायावर येतो. साठ किलोच्या मुलाच्या पायावर हजार वेळा सव्वाशे-दीडशे किलोचे ओझे, असा हा हिशेब आहे. सरावात अर्ध्या तासात पाच किलोमीटर धावले तर पावले पाच हजारांच्या घरात जातात. जोड्याचे काम या ओझ्याला नाहीसे करण्याचे नाही. ते कोणालाच शक्य नाही. त्याचे काम ओझे थोडे पसरवण्याचे, पायाला काटाखड्यापासून वाचवण्याचे आणि जमिनीवर पकड देण्याचे आहे. जोड्याचे तीन मुख्य भाग असतात. वरचे जाळीदार कापड पायाला धरून ठेवते, खालचे रबर जमीन धरते, आणि या दोहोंच्या मध्ये फेसाळ, दबणारा थर असतो. दुकानात नाव, रंग आणि पट्टे पाहिले जातात. पाहावयाचा असतो तो हा मधला थर.

येथे एका प्रचलित समजुतीबद्दल बोलणे प्राप्त आहे. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवावा; ठसा भरीव दिसला तर पाय सपाट, मध्ये पोकळ दिसला तर कमान उंच; आणि त्याप्रमाणे ठरावीक जातीचा जोडा घ्यावा, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ऐकावयास हे फार शास्त्रीय वाटते. पण अमेरिकेच्या भूदलात, हवाईदलात आणि मरीन दलात नव्या भरतीच्या जवानांवर याची परीक्षा झाली. अर्ध्यांना ठशाप्रमाणे जोडे दिले, अर्ध्यांना सरसकट एकाच जातीचे. २००९ आणि २०१० साली निष्कर्ष छापले गेले: दुखापतींत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेने अशा बारा चाचण्यांचा, म्हणजे ११ हजारांवर धावकांचा, एकत्र आढावा घेतला, तेव्हाही पायाच्या ठेवणीवरून जोडा दिल्याने दुखापत टळते असा पुरावा हाती आला नाही. म्हणून तुमचा पाय सपाट आहे, तुम्हांला अमुकच महागडा जोडा लागेल, असे कोणी सांगितले तर घाबरून जाऊ नये.

मग हाती काय उरते? तीन गोष्टी उरतात. पहिली, सुख. जो जोडा घातल्याबरोबर आणि दुकानासमोर थोडे धावल्यावर कोठेही टोचत नाही, घसरत नाही, जड वाटत नाही, तो बहुधा त्या पायाचा जोडा असतो. ज्याचे जळते त्याला कळते, हा न्याय पायालाही लागू आहे. दुसरी गोष्ट, मधल्या थराचा मऊपणा. २०२० साली लक्झेंबर्गच्या संशोधकांनी आठशेहून अधिक हौशी धावकांना दिसावयास सारखेच, पण काहींना मऊ तर काहींना कठीण थराचे जोडे दिले. कठीण जोड्यांच्या गटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. गंमत अशी, की मऊपणाचा लाभ हलक्या वजनाच्या धावकांत स्पष्ट दिसला; जड वजनाच्यांत तो तसा दिसला नाही. तिसरी गोष्ट, वजन. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम भर घातली, तर ३००० मीटरच्या धावेत वेळ सुमारे पाऊण टक्क्याने वाढते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. साडेपाच मिनिटांच्या धावेला हाच हिशेब लावला तर अडीच सेकंद होतात. सकाळी फेरफटका मारणाऱ्याला अडीच सेकंदांचे काय? पण भरतीच्या मैदानावर सेकंदावर गुण ठरतात.

आता आपल्या जिल्ह्यातील धावणारे एकेक घेऊ.

भरतीचा मुलगा किंवा मुलगी यांना हलका, लवचीक, खाली चांगले खाचदार रबर असलेला जोडा हवा. त्यांची परीक्षा बहुधा मातीच्या मैदानावर, वळणे घेत होते. तेथे फार जाड आणि गुबगुबीत तळ वळणावर डगमगतो. आजकाल तळात कार्बनची पट्टी बसवलेले, वीस हजारांच्या घरातले बूट चित्रांत दिसतात. ते मोठ्या पल्ल्याच्या डांबरी शर्यतींसाठी घडवलेले आहेत. जागतिक संघटनेने रस्त्यावरील शर्यतीला तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि धावपट्टीवरील शर्यतीला नोव्हेंबर २०२४ पासून २० मिलिमीटरपर्यंतच ठेवली आहे, यावरून दोहोंचा भेद कळावा. मातीवरच्या चार फेऱ्यांसाठी वीस हजार मोजणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खिळ्यांच्या बुटांचा विचार असेल, तर जाहिरातीतील नियम आधी वाचावेत.

मुलींची अडचण निराळी आहे. तालुक्याच्या दुकानांत मुलींसाठी धावण्याचे जोडे मोजकेच असतात, म्हणून मुलांच्याच जोड्याचा लहान नंबर त्यांना दिला जातो. पुष्कळ मुलींची टाच चवड्याच्या मानाने निमुळती असते. मुलांचा जोडा पुढे बरोबर बसला की मागे टाच उचलते, आणि टाच उचलली की फोड येतो. असा जोडा घेणे भागच असेल, तर नाडी अगदी वरच्या, बहुधा रिकाम्या सोडलेल्या भोकातून ओवून घ्यावी. त्याने टाच बरीच जागेवर राहते.

चाळिशी ओलांडलेल्या, वजन वाढलेल्या गृहस्थांनी पुढे रुंद, टाचेला भक्कम आणि मऊ तळाचा जोडा घ्यावा. पण वर सांगितलेला प्रयोग त्यांनी विसरू नये. जड शरीराचा भार केवळ मऊ थराने हलका होत नाही. त्यांनी पहिले काही आठवडे झपाझप चालावे, मग चालण्यात थोडे थोडे धावणे मिसळावे. लांब पल्ल्याच्या हौशी धावकांनी नित्याच्या सरावासाठी मऊ, टिकाऊ जोडा ठेवावा आणि शक्य असल्यास दोन जोडे आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमध्येच २६४ धावकांवर २२ आठवडे लक्ष ठेवले गेले. एकाहून अधिक जोडे वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. त्यामागे इतर कारणेही असू शकतील. पण पावसाळ्यात एक जोडा वाळेपर्यंत दुसरा पायात असणे, हा लाभ तरी निर्विवाद आहे.

शाळकरी मुलांच्या बाबतीत महाग जोडा ही उधळपट्टी होय. त्यांचा पाय दर काही महिन्यांनी वाढतो. बोटे मोकळी राहतील, तळ सहज वाकेल, असा साधा जोडा पुरे. स्वच्छ, काटे वेचलेल्या मैदानावर त्यांनी अनवाणी खेळण्यासही हरकत नाही. मात्र गेल्या वर्षीचा आखूड झालेला जोडा अजून टिकला आहे म्हणून त्याच्या पायांत कोंबू नये.

आणि मधुमेही मंडळींस आमचे हात जोडून सांगणे आहे, की आपण अनवाणी चालण्याधावण्याच्या फंदात पडू नये. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना मंद होते. काटा रुतला, खडा घासला, तरी कळत नाही. जखम चिघळली की कळते, आणि तोवर पाय गमावण्याची पाळी आलेली असते. त्यांनी जोडा घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, सैलसर मोजे घालावेत, आणि घरी परतल्यावर दोन्ही तळपाय रोज पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा, किंवा घरच्या माणसास पाहावयास सांगावे.

धावणाऱ्याइतकाच जमिनीचाही विचार हवा. आपली काळी माती कपाशीला आई आहे. धावकाला मात्र ती ऋतुपरत्वे दोन रूपे दाखवते. पावसाळ्यात ती फुगते आणि तळाला अशी चिकटते, की अर्ध्या फेरीत बूट दुप्पट जड होतो. तेव्हा दूर दूर आणि खोल खाचांचा तळ बरा, कारण दाट, बारीक नक्षीत माती रुतून बसते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, आणि अंधारात भेगेवर पाय पडला की घोटा मुरगळतो. त्या दिवसांत शेतातल्या वाटेपेक्षा सपाट मैदान किंवा सडकेची कडा बरी. सराट्यांच्या जागी पातळ, मऊ तळाचा बूट निकामी ठरतो. म्हणून जेथे परीक्षा व्हावयाची, तशाच जमिनीवर सरावाचा काही भाग करावा, आणि त्याच जोड्याने करावा.

दुकानात जाताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. संध्याकाळी जावे, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, आणि धावतानाही तो सुजतोच. धावताना घालावयाचे मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पायांत जोडा घालून उभे राहावे; दोन पाय क्वचितच अगदी सारखे असतात, तेव्हा मोठ्या पायाचा नंबर घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. जोडा हातांत धरून वाकवावा: तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर परत ठेवावा. टाचेची वाटी दाबून पाहावी. सपाट फळीवर ठेवून मागून बघावे. नवा बूटच एका अंगाला कलता असेल तर तो फुकटही नको. वजनाची शंका असेल तर शेजारच्या किराणा दुकानाचा काटा आहेच. पदपथावर नामांकित छापाची हुबेहूब नक्कल स्वस्तात मिळते. तिच्यात नाव असते, मधला थर नसतो. त्यापेक्षा बिननावाचा, पण या सर्व कसोट्यांस उतरलेला जोडा पत्करावा.

घेतलेला जोडा परीक्षेच्या दिवशी प्रथम घालू नये. दोन-तीन आठवडे आधी घालून तो पायवळणी पाडावा. पत्र्यावर उन्हात वाळत घालू नये. आपल्या मे महिन्याच्या उन्हात डिंक सुटतो आणि मधला थर निबर होतो. आत वर्तमानपत्राचे कागद कोंबून सावलीत वाळवावा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर मधला थर दबून जातो, मग वरून जोडा कितीही चकचकीत दिसो. रोज पाच किलोमीटर धावणाऱ्याचा हा हिशेब चार-पाच महिन्यांत भरतो. असा जोडा फेकावयास नको. तो बाजारहाटाला चालतो, पण धावण्याला नको.

श्रोतेहो, शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पहाटे धावणाऱ्या या मुलांचे पाय बिघडतात ते बहुधा जोड्यामुळे नव्हे, घाईमुळे. जाहिरात निघते, आणि वर्षभर न धावलेला मुलगा दुसऱ्या दिवसापासून रोज दहा किलोमीटर धावू लागतो. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या हाडाला कळ लागते. तो ती सोसतो, घरून पैसे मागून नवा जोडा घेतो, आणि तसाच धावत राहतो. हाडाला बारीक तडा गेला की मग मैदान सुटते आणि भरतीही सुटते. नडगीवर एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल, विसाव्यातही ठणकत असेल, तर धाव थांबवून डॉक्टरांना पाय दाखवावा. त्याला औषध नवा जोडा नव्हे, विश्रांती आहे. धावणे जाहिरातीची वाट न पाहता सुरू करावे आणि आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे, याहून मोठे संरक्षण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आणि हे सर्व त्या मुलामुलींवरच सोपवून आपण मोकळे होऊ नये. गावात एक मैदान सपाट असावे, त्यावरचे सराटे उपटलेले असावेत, पहाटे तेथे एक दिवा जळावा, आणि फेरीचे अंतर मोजून चुन्याची रेघ मारलेली असावी. ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला किंवा एखाद्या मंडळाला हे अवघड नाही. महागडा जोडा एका मुलाच्या पायाला मिळतो. चांगले मैदान गावातल्या प्रत्येक पायाला मिळते. येथून घरी गेल्यावर आपापल्या घरातील धावणाऱ्याचा जोडा हातांत घेऊन एकदा वाकवून पाहावा, आणि आपल्या गावचे मैदानही एकदा पायांखालून घालावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.